गोडबोले, गोडसे आणि मुरुडचा नाना

मंडळी, आज एक कोडं. स्टार वॉर्समधला म्हातारा ओबी-वान केनोबी आणि आमच्या रायगड जिल्ह्यातला नाना पाटेकर यांच्यात साम्य काय?

दोघांनीही ब्रिटिश निर्मितीत मराठी माणूस रंगवलाय! १९८४ साली ॲलेक गिनेस 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये प्रोफेसर नारायण गोडबोले झाला. १९८६ साली नाना 'लॉर्ड माउंटबॅटन: द लास्ट व्हाइसरॉय' या मालिकेत नथुराम गोडसे झाला. आणखी एक गंमत म्हणजे दोघांची सुरुवात जाहिरात कंपनीतली. गिनेस लंडनमध्ये जाहिरातींचा मजकूर लिहायचा. नाना मुंबईत जे.जे.मधून उपयोजित कला शिकून जाहिरात क्षेत्रात शिरला.

साम्य इथे संपतं. आणि मला लिहायचंय ते इथून पुढे सुरू होतं.

आधी गोडबोल्यांचं बघू. मूळ कादंबरी ई. एम. फॉर्स्टरची, १९२४ सालची. फॉर्स्टरला मराठी माणूस काही ऐकून माहीत नव्हता. १९२१ साली तो देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी सचिव होता. म्हणजे मराठी दरबारात प्रत्यक्ष राहून, तिथली गोकुळाष्टमी बघून तो परतला होता. त्याचा गोडबोले त्या अनुभवातून आला. साठ वर्षांनी डेव्हिड लीनने त्यावर सिनेमा काढला आणि गोडबोल्यांसाठी थेट ॲलेक गिनेसला बोलावलं.

गिनेस मोठाच नट, यात वाद नाही. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी (१९५७) ऑस्कर मिळालेला. टीव्हीवर बीबीसीच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मधला (१९७९) जॉर्ज स्मायली तर अनेकांच्या मते त्याचं सर्वोत्तम काम. पण गोडबोल्यांच्या पगडीखाली तपकिरी रंग फासलेला तो इंग्रजच दिसतो. त्याने मेहनतीने केलेला नाचही लीनने संकलनात कापला.

आमच्या पेणला गणपतीचे कारखाने ज्यांनी बघितलेत त्यांना माहीत असेल. अंगाचा रंग शिकाऊ पोरगाही देतो, पण डोळ्यांची आखणी करायला कसलेला हात लागतो. गिनेसचा हात कसलेला होता, फक्त मूर्ती त्याच्या ओळखीची नव्हती.

आता तो काळ बघा. १९८२ साली रिचर्ड ॲटनबरोचा 'गांधी' आला, आठ ऑस्कर घेऊन गेला. मग 'द फार पॅव्हिलियन्स', 'द ज्युएल इन द क्राउन', 'अ पॅसेज टू इंडिया', सगळं १९८४ सालचं. ब्रिटनला एकदम आपल्या जुन्या साम्राज्याची आठवण दाटून आली होती. सलमान रश्दीने त्याच वर्षी एका निबंधात या लाटेचा खरपूस समाचार घेतला.

'गांधी'त मात्र भारतीय नटांना बऱ्यापैकी जागा होती. नेहरू रोशन सेठ, पटेल सईद जाफरी, जीना ॲलेक पदमसी. गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे आपले डॉ. श्रीराम लागू. आणि कस्तुरबा झालेल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडीला त्याबद्दल बाफ्टा मिळालं, १९८३ साली, मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. तेव्हा 'भारतीय नट मिळत नव्हते' ही सबब चालणार नाही.

तरी चार वर्षांनी माउंटबॅटन मालिकेत काय झालं? माउंटबॅटन झाला निकोल विल्यमसन, ते ठीकच. पण नेहरू झाला इयन रिचर्डसन, जन्म एडिनबराचा! जीना झाला व्लादेक शेबाल, मूळचा पोलंडचा, ज्याला आपण बाँडपटातला बुद्धिबळपटू खलनायक म्हणून ओळखतो. गांधी तेवढा सॅम दस्तूर, ब्रिटनमध्ये स्थिरावलेला पारशी नट. आणि गांधींचा मारेकरी? त्यासाठी अस्सल मराठी माणूस सापडला. मुरुड-जंजिऱ्याचा विश्वनाथ दिनकर पाटेकर.

आयटीवाल्यांना ही वाटणी समजावून सांगायला नको. महत्त्वाची कामं ऑनसाइट, उरलेलं ऑफशोअर :-)

पण मला जास्त रस आहे तो पुढच्या प्रश्नात. अशी छोटी भूमिका वाट्याला आलेल्या माणसाचं काय होतं?

नानाचा जन्म १ जानेवारी १९५१ चा. (मुरुडला जायचं तर अजूनही रेल्वेने आमच्या रोह्याला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची.) वडिलांचा कापडावरच्या छपाईचा धंदा बुडाला. तेराव्या वर्षापासून शाळा सुटल्यावर चुनाभट्टीला चालत जाऊन सिनेमाची पोस्टरं रंगवायचो, महिन्याला ३५ रुपये मिळायचे, असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. 'गमन' (१९७८) हा पहिला सिनेमा. त्यानंतर सात-आठ वर्षं सिनेमात किरकोळ भूमिकाच.

मग ही वर्षं वाया गेली का? अजिबात नाही. या काळात तो मराठी रंगभूमीवर तयार होत होता. विजया मेहतांच्या हाताखाली अनिल बर्वे यांचं 'हमीदाबाईची कोठी', जयवंत दळवींचं 'महासागर' आणि 'पुरुष'. 'पुरुष'मधला गुलाबराव हा सत्तेचा माज चढलेला, बलात्कार करणारा पुढारी. समोर अंबिकेच्या भूमिकेत रीमा. असा माणूस रोज रात्री जिवंत प्रेक्षकांपुढे उभा करायचा, तोही त्याच्याच भाषेत, त्याच्याच लयीत. इथे तपकिरी रंगाची गरज नव्हती. असले गुलाबराव प्रेक्षकांनीही आपापल्या तालुक्यात बघितलेले होते.

म्हणूनच १९८६ हे साल मला मोलाचं वाटतं. त्याच वर्षी माउंटबॅटन मालिका आली आणि त्याच वर्षी एन. चंद्राचा 'अंकुश'. एकीकडे परक्यांनी सांगितलेल्या आपल्या इतिहासात कोपऱ्यातली जागा, दुसरीकडे मुंबईच्या बेकार पोरांच्या गोष्टीत मधोमध. नाना तेव्हा ३५ वर्षांचा होता. लोकांच्या लक्षात राहिला तो 'अंकुश'चा नाना. दोन वर्षांनी मीरा नायरचा 'सलाम बॉम्बे' आला. त्यात पुन्हा ब्रिटिश पैसा होता, चॅनेल फोरचा. पण या वेळी गोष्ट मुंबईच्या रस्त्यावरची, पोरं तिथलीच आणि गर्दुल्ल्यांचा धंदेवाला बाबा म्हणजे नाना. कान महोत्सवात 'कॅमेरा दोर' मिळालं. १९८९ साली 'परिंदा'तल्या अण्णासाठी राष्ट्रीय पुरस्कार.

मला यातून जे दिसतं ते असं. ब्रिटिश पैसा वाईट नव्हता, ब्रिटिश नटही वाईट नव्हते. गोष्ट कोणाची आणि सांगतंय कोण, यावर सगळं अवलंबून होतं. आणि नाना त्या छोट्या भूमिकेतच अडकला नाही, कारण स्वतःच्या भाषेत त्याचं मोठं काम आधीच चालू होतं.

जाता जाता एक. त्या मालिकेतला काळ १९४७-४८ चा. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते सी. डी. देशमुख, बालपण रोह्यात गेलेले, पहिले भारतीय गव्हर्नर. फाळणीत दोन देशांमध्ये नोटा, पैसा आणि बँकेची मालमत्ता वाटली गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत. आणि गांधींनी १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मानकरी निवडला तो पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, विनोबा भावे.

म्हणजे त्या इतिहासात आमच्या पेण-रोह्याची दोन चांगली दणदणीत पात्रं आहेत. लंडनच्या कोणी ती उभी करावीत अशी वाट बघण्यात अर्थ नाही. कोणी मराठीत मालिका काढणार असेल तर रोह्याचं लोकेशन दाखवायला मी शनिवार-रविवार मोकळा आहे!