सुई टोचणे आणि बालकाला धीर देणे

लस, रक्ततपासणी किंवा सलाईन यांसाठी सुई टोचताना लहान मुलाची वेदना व भीती कमी करण्याचे उपाय. तान्ह्या बाळाला दुखणे फारसे कळत नाही, ही समजूत वैद्यकातही दीर्घकाळ टिकून होती; नवजात अर्भकांवर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कंवलजित आनंद यांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले ऑक्सफर्डमधील संशोधन ही समजूत मोडण्यास मोठे कारण ठरले. पुढे १९९७ मध्ये टोरांटोच्या अभ्यासकांना असे आढळले, की वेदनाशामकाविना सुंता झालेली बाळे ४ ते ६ महिन्यांच्या वयात लस घेताना अधिक कळवळतात. बाळ विसरते, असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेदनेविषयी दिलेल्या शिफारशी बिनखर्चाच्या आहेत. बाळाला टोचण्याआधी किंवा टोचताना अंगावर पाजावे. मुलाला आईवडिलांनी कुशीत धरावे. अनेक लसी असतील तर सर्वांत झोंबणारी शेवटी द्यावी. स्नायूत सुई गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येते का पाहण्याची जुनी रीत सोडावी. सहा वर्षांखालच्या मुलांचे लक्ष दुसरीकडे वेधावे. त्यासाठी भिरभिरे किंवा साबणाचे फुगे पुरतात, शिवाय फुंकताना श्वासही लांबतो. चौघांनी हातपाय दाबून मुलाला आडवे धरणे हीच मात्र अनेक ठिकाणची सवय आहे, आणि मुलाला सुईइतकीच धास्ती त्या दाबून धरण्याची बसते.

शब्दांनीही इजा होते. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हा घरोघरचा धाक सुईला शिक्षा बनवतो. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, दुखणारच नाही’ हे आश्वासन क्षणात खोटे ठरते आणि पुढच्या वेळी मूल कोणाचेच ऐकत नाही. ‘थोडं टोचेल, मी इथेच आहे’ हे खरे आणि पुरेसे आहे. मुलाला ‘टोचू का?’ असे विचारू नये, कारण नकार पाळता येत नाही, ‘कुठल्या हाताला?’ असे विचारावे.

थॅलॅसेमियाच्या मुलांना साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्यांच्यासाठी प्रत्येक सुई पुढच्या सुईची तयारी असते. लिडोकेन व प्रायलोकेन यांचे बधिर करणारे मलम त्यांना उपयोगी पडते, पण ते सुमारे तासभर आधी लावावे लागते. म्हणून डॉक्टरांना विचारून शिरेची जागा आधी ठरवून घ्यावी आणि मलम घरूनच लावून निघावे.