गोगलगाय नावाचे यंत्र

मंडळी, यंत्र जुने झाले म्हणजे त्यात नेमके काय झिजते? नांगराचा फाळ बोथट होतो, तो आपण लोहाराकडून पाजवून घेतो. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावतो. ही झीज डोळ्यांना दिसते. पण संगणकाच्या घराण्यातली यंत्रे पुष्कळदा अंगाने धडधाकट असतानाच मोडीत निघतात. असे का होते, हे समजायला एका लहानशा यंत्राचा इतिहास पाहू या.

२००४ साली अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीने एनएसएलयू२ नावाचे यंत्र बाजारात आणले. तळहातावर मावेल एवढी ही पेटी. तिला यूएसबीच्या दोन खाचा होत्या. त्यांत हार्ड डिस्क जोडायची आणि घरातल्या साऱ्या संगणकांनी आपले कागद, छायाचित्रे, गाणी तीत ठेवायची. घराची सामायिक कणगीच म्हणा ना! नावातील अक्षरांवरून लोक तिला ‘स्लग’, म्हणजे गोगलगाय, म्हणू लागले. चालही तशीच होती. पोटात स्मृती अवघी ३२ मेगाबाइट.

आता खरी मेख ऐका. या पेटीला चालवणाऱ्या सूचना लिनक्सवर आधारलेल्या होत्या. लिनक्सचा आरंभ १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. त्याला जो परवाना लागू झाला, तो मूळचा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली मांडलेला. त्याची अट साधी आहे : शिजवलेले अन्न विकाल, तर कृतीही द्या. म्हणून कंपनीला सूचनांचा हा भाग उघड करावा लागला.

कृती हाती आल्यावर हौशी लोक स्वस्थ बसतील काय? देशोदेशींच्या मंडळींनी पेटीसाठी नव्या सूचना रचल्या. २००७ साली निघालेल्या डेबियनच्या चौथ्या आवृत्तीत तर ही पेटी रीतसर सामावली गेली. आणखी एक गंमत सापडली. आतली चिप २६६ मेगाहर्ट्‌झने धावू शकत होती, पण सुरुवातीच्या पेट्यांत तिला १३३ वरच रोखून धरले होते. एक बारीकसा रोधक काढला की वेग दुप्पट! काहींनी तर डाख देऊन जादा स्मृतीही बसवली. कंपनीने २००८ साली पेटी बंद केली. पण लोकांच्या घरी ती पुढे कैक वर्षे चालत राहिली.

अशा दुरुस्तीचे मोल २०१७ साली कळले. त्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातकी प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद केली आणि खंडणी मागितली. तो पसरला एसएमबी या संभाषणपद्धतीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतील फटीतून. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या मांडणीत ही जुनी बोली आपोआप बसवली जाईनाशी झाली. परिणाम काय झाला? ज्या साठवण-पेट्यांना तेवढी एकच बोली येत होती, त्यांच्याशी नवे संगणक बोलेनात. डिस्क शाबूत, आतली छायाचित्रेही शाबूत. पण दार बंद! ज्यांच्या पेट्यांतील सूचना बदलता येत होत्या, त्यांनी ‘सांबा’ या खुल्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घालून पेटीला नवी बोली शिकवली. बाकीच्यांची पेटी अडगळीत गेली.

तुमच्याकडे किंवा शाळेत अशी जुनी पेटी असेल, तर हात घालण्यापूर्वी आतल्या सर्व माहितीची दुसरी प्रत काढा. सूचना बदलताना मध्येच वीज गेली, तर पेटी कायमची मुकी होऊ शकते. तिचे दार बाहेरच्या इंटरनेटला उघडे ठेवू नका. आणि डिस्क फार जुनी असेल तर ती बदलाच. नव्या सूचनांनी लोखंड काही तरुण होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना एवढे जरूर सांगावे : यंत्र घेताना किंमत आणि चमक पाहा, पण याच्या सूचना खुल्या आहेत का, आणि बनवणारा किती वर्षे त्या सुधारून देणार, हेही दुकानदाराला विचारा. गोगलगाय दीर्घायुषी ठरली ती काही तिच्या लोखंडामुळे नव्हे. तिची कृती लोकांच्या हाती होती, म्हणून.