दोन डावांमधला वेळ

जुगाराचा इतिहास सांगताना लोक बहुतेक वेळा पैशांचा हिशेब सांगतात. कोण किती हरला, कुणाची जमीन गेली, कुणाचा वाडा गेला. मला वाटतं, तो वेळेचा हिशेब म्हणूनही सांगता येईल. एक डाव संपल्यावर दुसरा सुरू व्हायला किती वेळ लागायचा? एवढा एकच प्रश्न धरून बघा. मंडळी, आपल्याकडचा इतिहास मग जरा वेगळा दिसायला लागतो.

मुंबईत पूर्वी कापसाच्या भावावर सट्टा चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेनं मुंबईला यायचा आणि त्यातल्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ च्या सुमारास हे भाव येणं थांबलं. खेळणारे कुठे थांबतात? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा काढला. न्यूयॉर्क गेलं, पत्ते आले. पण दिवसाचे आकडे दोनच राहिले, ओपन आणि क्लोज.

आमच्या दिंडोरीत जुन्या माणसांच्या बोलण्यात हे दोन शब्द अजून येतात. मटक्यानं कुणाचं भलं झालं असं मी म्हणणार नाही, घरं बसलीच. पण ओपन आणि क्लोजच्या मध्ये काही तास जायचे. तेवढ्या वेळात माणूस घरी यायचा, जेवायचा, बायकोची बोलणी खायचा. कधीतरी त्या वेळेतच शहाणपण सुचायचं. १९६९ मध्ये राज्य सरकारची लॉटरी आली, तिच्या सोडतीची तर दिवस मोजून वाट बघावी लागे. पुढे २००० नंतर ऑनलाइन लॉटरीची दुकानं निघाली आणि एकाच दिवसात अनेक सोडती व्हायला लागल्या. वाट बघण्याचा काळ तिथून झपाट्यानं आखडत गेला.

आता पोकर. खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर १९९८ मध्ये सुरू झाला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक अमेरिकन हिशेबनीस शंभर डॉलरपेक्षा कमी प्रवेश फीच्या ऑनलाइन स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. मग जगभर हौशी खेळाडूंची रीघ लागली. खऱ्या टेबलावर, माणसानं पत्ते वाटले तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन साठ-सत्तर सहज. आणि तिथे आणखी एक सोय, एकाच पडद्यावर दोन, चार, आठ टेबलं उघडता येतात. चार टेबलं म्हणजे तासाला अडीचशेहून जास्त डाव!

नवशिक्याला हा मोह का होतो, ते मला पुतण्यामुळे कळलं. (त्याला विचारूनच लिहितोय.) २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो कॉलेजातून घरी आला होता. पोकरचा पहिला नियम त्यानं वाचला होता : बहुतेक डाव सोडून द्यायचे, पानं चांगली असतील तेव्हाच खेळायचं. नियम बरोबरच आहे. पण दहातले सात-आठ डाव पॅक करून नुसतं बसायचं म्हणजे कंटाळा. "काका, एका टेबलावर झोप येते," असं म्हणून महिन्याभरात तो चार टेबलांवर गेला. मोटारसायकलसाठी साठवलेले चाळीस हजार दिवाळीच्या आत संपले.

मी त्याला रागावलो नाही, फक्त विचारलं, "समोर बसलेल्यांपैकी कोण कसा खेळायचा?" त्याला एकाचंही सांगता आलं नाही. चारही टेबलांवर घंटा वाजत असायची, प्रत्येक ठिकाणी निर्णयाला जेमतेम काही सेकंद. या टेबलावरची पानं त्या टेबलावर आठवायची. हरलेला डाव का हरलो हे बघायच्या आत पुढचा आलेला असायचा. म्हणजे शिकण्याची जी जागा होती, दोन डावांमधली, तीच त्यानं टेबलं वाढवून भरून टाकली. शिवाय पूर्वीच्या अड्ड्यावर मालक जसा प्रत्येक डावातून नाल काढायचा, तसा इथेही जिंकलेल्या रकमेतून चालवणाऱ्याचा वाटा कापला जातो. टेबलं चौपट, की ही कापणीही चौपट. तज्ज्ञ खेळाडूला जास्त टेबलं फायद्याची ठरू शकतात, कारण त्याचा थोडा-थोडा नफा लवकर जमतो. नवशिक्याचा तोटाही तितक्याच लवकर जमतो.

आणि तज्ज्ञांचं तरी काय? २०१२ मध्ये रँडी ल्यू या व्यावसायिक खेळाडूनं आठ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनेस विक्रम केला. मिनिटाला जवळजवळ एकोणपन्नास डाव. शेवटी हातात राहिलेला नफा होता आठ डॉलरपेक्षाही कमी.

आमचे दादा, म्हणजे या मुलाचे वडील, पोकर जाणत नाहीत. पण त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. "पहिल्या वर्षी मी एकच एकर द्राक्ष लावलं. आता चार प्लॉट आहेत, पण छाटणी आठ-दहा दिवसांच्या अंतरानं घेतो. सगळीकडे एकदम डावणी आली तर माणूस बघणार कुठे?" ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने. तेवढ्यात चूक दिसते आणि निदान काही चुका सुधारता येतात.

कायद्याचा वाद मात्र दुसऱ्याच प्रश्नावर चालला, कौशल्य की नशीब? १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ मानला, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. त्याच निकालात हेही होतं, की जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. ऑनलाइनवाल्यांनी पहिला भाग पाठ केला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कौशल्य-नशीब हा भेद बाजूला ठेवून पैशांच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच ते खेळ बंद केले.

माझ्या मते पोकरमध्ये कौशल्य आहेच. पण ते आठवण्यात, बघण्यात आणि थांबण्यात आहे, आणि या तिन्हींना वेळ लागतो. वेळ काढून घेतला की कौशल्याचा खेळसुद्धा नवशिक्याच्या हातात नशिबाचा होऊन जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे, चौतिसावं. सगळी दुर्दशा सांगून झाल्यावर ते त्याला फासे सोडून शेती करायला सांगतं. मला आधी वाटायचं, हा नेहमीचा उपदेश. आता वाटतं, त्या ऋषीला बहुधा एवढंच म्हणायचं असेल, की बाबा रे, असं काहीतरी कर ज्यात वाट बघावी लागते.

पुतण्या आता नोकरीला आहे. पोकर सुटला, पण परवा शेअर बाजारातल्या आठवड्याच्या ऑप्शन्सबद्दल विचारत होता. मी त्याला सेबीचा २०२४ चा अहवाल पाठवला, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक खेळाडू तोट्यात गेल्याचा. उत्तर अजून आलेलं नाही. असो. वाट बघतोय.