चिकलठाण्याची माती समुद्राच्या तळाशी कशी ओळखतात?

चिकलठाण्याजवळून वाहणाऱ्या सुखना नदीचं पाणी शेवटी गोदावरीला मिळतं आणि गोदावरी मराठवाड्याची काळी माती बंगालच्या उपसागरात नेते. समुद्रतळाच्या गाळात ही माती ओळखायची कशी? निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, तर गोदावरीच्या खालच्या खोऱ्यातले बरेच खडक अब्जावधी वर्षं जुने. त्यामुळे दोन्हींची रासायनिक खूण वेगळी.

गोदावरीच्या मुखासमोरच्या गाळावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र उलटाच वाटतो. गेल्या काही हजार वर्षांत मान्सून क्षीण झाला, तशी धूप वाढली! झाडोरा विरळ झाला की उघडी जमीन मोठ्या सरींत वाहून जाते. पुढे दख्खनवर शेती पसरली आणि धूप आणखी वाढली. आता यातला बराचसा गाळ वाटेतल्या धरणांतच साचतो.