अशोक कोणता?

शाळेच्या कुंपणालगत उंच, सरळसोट, लांबट पाने खाली लोंबणारी झाडे ओळीने उभी असतात. मुलांना त्यांचे नाव विचारावे, तर एकमुखाने उत्तर येते, "अशोक!" रोपवाटिकेतही हेच नाव सांगतात. मग एखादी चौकस विद्यार्थिनी विचारते, "सर, अशोकाला तांबडी फुले येतात असे पुस्तकात आहे. याची फुले तर हिरवट आहेत. असे का?" प्रश्न साधा आहे; पण त्याचे उत्तर शोधताना झाडांची ओळख पटवण्याच्या शास्त्राचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे येतो.

कुंपणावरचे झाड आसुपालव. ते सीताफळाच्या कुळातले. खरा अशोक, म्हणजे सीता-अशोक, चिंच-गुलमोहराच्या कुळातला. दोघांचे नाते दूरचेच. तरी एका नावाने दोन्ही झाडे झाकली गेली. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात मालविकेच्या पदाघाताने अशोक फुलतो. आपण तो प्रसंग आवडीने वाचतो. पण तेवढ्यावरून रानातला अशोक ओळखता येत नाही. त्यासाठी नावाबरोबर झाडाचे वर्णन आणि चित्र हवे.

हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते मलबारात. कोचीनच्या डच सत्तेचा प्रमुख हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींचा 'होर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. ग्रंथ लॅटिनमध्ये असला, तरी त्यातले ज्ञान इथल्या माणसांचे होते. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी पंडित यांनी वनस्पतींची माहिती पुरवली. या तिघांचे १६७५ सालचे कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. या ग्रंथाच्या पाचव्या खंडात अशोक 'अशोगम' या मलयाळी नावाने सचित्र आला. नाव आणि चित्र एकाच पानावर आल्याने दूरच्या वाचकालाही पडताळा घेता येऊ लागला.

पुढे १७९५ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांनी या झाडाला 'जोनेशिया असोका' हे शास्त्रीय नाव दिले. त्यातला पहिला शब्द संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांच्या नावावरून आणि दुसरा आपल्याच भाषेतून घेतलेला. मात्र त्याआधीच, १७६७ मध्ये, लिनियसने जावा बेटावरच्या एका झाडाला 'सराका इंडिका' म्हटले होते. दोन्ही झाडे एकच, असे पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना वाटले. जुने नाव ग्राह्य धरायचे या नियमाने आपल्या अशोकालाही 'सराका इंडिका' म्हणू लागले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यावरील ग्रंथातही (१९०१–१९०८) हेच नाव आहे. अखेर १९६० च्या दशकाच्या शेवटी डच वनस्पतिशास्त्रज्ञ डी विल्ड यांनी फुलांचे बारकावे तपासून दोन जाती वेगळ्या केल्या आणि आपल्या झाडाला 'सराका असोका' हे नाव मिळाले. म्हणजे रस्त्यावर झाली तशी गफलत तज्ज्ञांच्या हातूनही झाली! फरक एवढाच की, त्यांच्याकडे ती दुरुस्त करण्याची रीत होती. नमुना जपून ठेवायचा आणि शंका आली की पुन्हा पाहायचा.

नावाची चूक नेहमी निरुपद्रवी नसते. अशोकाची साल स्त्रियांच्या विकारांवरील आयुर्वेदीय औषधांत वापरतात. बाजारात तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे अनेकदा आढळले आहे. दुसरीकडे, सालीसाठी सोलल्या गेल्याने रानातला अशोक घटला आणि १९९८ मध्ये जागतिक पातळीवरच्या यादीत त्याची नोंद धोक्यात असलेली जात म्हणून झाली. कुंपणाकुंपणावर 'अशोक' पाहणाऱ्या मुलांना हे खरे वाटणार नाही!

मग झाड ओळखावे कसे? लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७८ च्या आपल्या ग्रंथात सोपी वाट दाखवली. प्रत्येक पायरीवर परस्परविरोधी दोन विधाने ठेवायची आणि समोरच्या झाडाला लागू पडणारे निवडून पुढे जायचे. आपल्या दोन झाडांसाठी अशी किल्ली मुलेच तयार करू शकतील:

१. पान साधे, लांबट, कडा लाटांसारख्या; फुले हिरवट, चांदणीसारखी, सहा पाकळ्यांची; फळे लहान, देठाची, झुपक्यात – आसुपालव.

२. पान संयुक्त, पर्णिकांच्या ३ ते ६ जोड्या. फुले केशरी, पुढे तांबडी होणारी. फळ म्हणजे चपटी शेंग – अशोक.

पान कोणते आणि पर्णिका कोणती, येथे मुले हमखास अडखळतात. त्यांना बगलेतली कळी शोधायला सांगावे. ती पानाच्या देठाशी असते, पर्णिकेच्या देठाशी नसते. फूल मिळाले तर आणखी एक गंमत दाखवता येईल. अशोकाच्या फुलाला पाकळ्या नसतातच; रंगीत दिसतात ती निदले!

एवढे झाल्यावर मुलांना कुंपणाशी न्यावे आणि नाव न सांगता फक्त दोन विधाने वाचून दाखवावीत. इट्टी अच्युतनांचा रोजचा व्यवहार झाडांशी होता. आपल्या मुलांचा तसा राहिलेला नाही. म्हणून ती झाडापाशी जाऊन पान हातात घेऊन पाहतील, एवढे तरी आपण शिक्षकांनी घडवून आणायला हवे.