टोल्यांचा हिशेब



नंदुरबारच्या एखाद्या पटांगणांत लहानपणीं जो विटीदांडू खेळला असेल, त्याला टोल्याची मजा ठाऊक असते आणि दांड्यानें अंतर मोजतांना होणारीं भांडणेंही ठाऊक असतात. गोल्फ हाही टोल्यांचाच खेळ. साहेबलोकांनीं कलकत्त्यास १८२९ सालीं व मुंबईस १८४२ सालीं क्लब स्थापून तो आपल्याकडे रुजविला. अठरा होल, म्हणजे जमिनींतील अठरा खळगे. कमींत कमी टोल्यांत चेंडू त्यांत घालावयाचा. गंमत अशी कीं, स्पर्धेंत आपले टोले कार्डावर लिहितो तो आपल्याबरोबर खेळणारा प्रतिस्पर्धीच! तें कार्ड तपासून आपण सही केली कीं हिशेब पक्का. धंदेवाईक खेळाडूंच्या इतिहासांतील हंसूं आणि आंसूं पुष्कळदां या हिशेबांतूनच निघाले आहेत.

प्रथम आनंदाची गोष्ट. पुण्यास १९८७ सालीं जन्मलेले अनिर्बाण लाहिरी २०१२ सालीं इंग्लंडांतील रॉयल लिथमच्या मैदानावर ओपन स्पर्धेंत प्रथमच उतरले. तिसऱ्या फेरींत नवव्या होलवर त्यांनीं मारलेला पहिलाच टोला थेट खळग्यांत गेला. जेथें तीन टोले लागावयाचे, तेथें एकानें काम झालें.

याच मैदानावर २००१ सालीं वेल्सच्या इयान वूझनम यांनीं शेवटच्या फेरींत पहिला होल दोनच टोल्यांत संपविला. ते दुसऱ्या होलकडे वळले, तोंच पिशवी वाहणाऱ्या कॅडीनें दबक्या आवाजांत सांगितलें कीं, आंत पंधरा काठ्या आहेत. नियम चौदांचा! दंड दोन टोल्यांचा. आपल्याकडे दोनाचे चार झाले कीं पेढे वाटतात. वूझनम यांनीं ती जादा काठी झुडपांत भिरकावली. तरीही नेटानें खेळून त्यांनीं बरोबरीनें तिसरें स्थान मिळविलें.

परंतु खरी हुरहूर लावणारी घटना अमेरिकेंतील ऑगस्टाची. १४ एप्रिल १९६८ हा अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डि व्हिसेंझो यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस. पहिलाच होल त्यांनीं दोन टोल्यांत जिंकला, तेव्हां प्रेक्षकांनीं वाढदिवसाचें गाणें म्हटलें. सतराव्या होलवर त्यांना तीन टोले लागले; सोबतच्या टॉमी ॲरन यांनीं चुकून चार लिहिले. रॉबर्टोंनीं न पाहतां सही केली. सहीखालचा आंकडा खऱ्याहून अधिक असल्यास तोच कायम, असा नियम. बॉब गोल्बी यांच्याशीं झालेली बरोबरी मोडली आणि निर्णायक सामन्याची संधि एका टोल्यानें हुकली. हजारों डोळ्यांनीं खरे तीन पाहिले होते. पण कार्डावर चार होते. रॉबर्टोंनीं मात्र ॲरनना बोल लावला नाहीं. मूर्खपणा आपलाच, असें ते म्हणाले.

आतां पुढील योग पाहा. १९७३ सालीं तीच स्पर्धा ॲरन यांनीं एका टोल्याच्या फरकानें जिंकली. त्या दिवशीं तेराव्या होलवर त्यांचे टोले चार, आणि सोबत्यानें लिहिले होते पांच! ॲरन यांनीं सहीपूर्वीं कार्ड नीट वाचलें आणि चूक सुधारून घेतली. पांच वर्षांपूर्वीं आपल्या हातून दुसऱ्याचें झालेलें नुकसान ते विसरले असतील, असें कोण म्हणेल?