जुना पडदा, नवा संगणक आणि मधला सांधा

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या 'शकुंतला' गाडीचे नाव विदर्भात कोणाला ठाऊक नाही? विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली हा सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. हेतू उघड होता : यवतमाळ, दारव्हा, कारंजा या भागातला कापूस मुंबईकडे आणि तेथून मँचेस्टरकडे न्यायचा. खर्च वाचावा म्हणून रूळ अरुंद घातले गेले. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूरला मुंबई–नागपूर हा मोठा मार्ग भेटत असे. तेथले रूळ १६७६ मिलिमीटरचे, आणि ते १८६७ सालीच नागपूरपर्यंत पोचलेले होते.

म्हणजे मूर्तिजापूरला रूळ एकमेकांशेजारी आले, पण डबे एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हते. कापसाची प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवायची आणि मोठ्या डब्यात चढवायची. यात वेळ जाई आणि मजुरी लागे. अरुंद रुळांनी कंपनीचा बांधणीचा खर्च एकदाच वाचवला, पण गाठी उतरवण्या-चढवण्याचा खर्च पुढे कित्येक दशके होत राहिला.

ही रेल्वेची गोष्ट संगणकावरच्या लेखात कशासाठी, असे वाचकांना वाटेल. कारण असे की आज अनेक शाळांच्या संगणककक्षात नेमका हाच पेच उभा आहे. नवा संगणक येतो, जुना मॉनिटर उत्तम चालत असतो, पण दोघांचे प्लग जुळत नाहीत. मग कोणी सांगते, मॉनिटर भंगारात काढा. कोणी सांगते, शेदोनशेचा 'कन्व्हर्टर' आणा. तो आणल्यावर कधी चित्र दिसते, कधी पडदा काळाच राहतो. असे का होते, हे कळायचे असेल तर थोडा इतिहास पाहायला हवा.

रंग आणि तारा

आयबीएम कंपनीचा 'पर्सनल कॉम्प्युटर' १९८१ साली बाजारात आला. त्याच्या रंगीत पडद्याकडे जाणारा संदेश डिजिटल होता, म्हणजे प्रत्येक तारेत विद्युतदाब 'आहे' किंवा 'नाही' एवढेच. लाल, हिरवा, निळा यांसाठी एकेक तार आणि चौथी तार उजळपणासाठी. चार तारा, प्रत्येकीच्या दोन अवस्था. म्हणून २ चा चौथा घात, म्हणजे १६ रंग. १९८४ साली सुधारित पद्धत आली. तिच्यात रंगांसाठी सहा तारा होत्या. २ चा सहावा घात ६४, म्हणून ६४ रंग.

शिक्षकांनी येथे वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : याच पद्धतीने २,६२,१४४ रंग हवे असतील तर किती तारा लागतील? उत्तर १८. एवढ्या तारांची केबल जाड, महाग आणि गैरसोयीची झाली असती.

आयबीएमने एप्रिल १९८७ मध्ये 'पीएस/२' संगणकांबरोबर जी पद्धत आणली, तिने या प्रश्नाला बगल दिली. ती पद्धत म्हणजे व्हीजीए. तिच्यात रंगांसाठी तीनच तारा होत्या. मात्र प्रत्येक तारेतला दाब शून्य ते ०.७ व्होल्ट यांच्या दरम्यान कितीही असू शकत होता. दाब जास्त तर रंग उजळ, कमी तर फिका. अशा सलग बदलणाऱ्या संदेशाला ॲनालॉग म्हणतात. त्या काळच्या पडद्याला हे सोयीचेच होते. काचेच्या चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरत असे आणि दाबाप्रमाणे त्याची तीव्रता कमीजास्त होत असे.

गंमत अशी की आपण 'ॲनालॉग म्हणजे जुने आणि डिजिटल म्हणजे नवे' असे धरून चालतो. पडद्याच्या बाबतीत मात्र आधी डिजिटल, मग ॲनालॉग आणि पुन्हा डिजिटल असा प्रवास झाला. प्रत्येक वळणाला त्या वेळचे सबळ कारण होते.

एक छोटे गणित

व्हीजीएचे मूळ चित्र ६४० × ४८० ठिपक्यांचे. पण झोताला ओळीच्या शेवटून परत यायला आणि तळातून वर जायला वेळ लागतो. तो धरला की प्रत्यक्ष हिशेब ८०० × ५२५ चा करावा लागतो. चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने काढायचे. म्हणजे सेकंदाला ५२५ × ६० = ३१,५०० ओळी, आणि ३१,५०० × ८०० = सुमारे अडीच कोटी ठिपके. ओळ केव्हा संपली आणि चित्र केव्हा संपले, हे पडद्याला कळावे म्हणून दोन वेगळ्या तारा असतात. त्यांतले ठोके चुकले की चित्र वाहू लागते किंवा पडदा 'आउट ऑफ रेंज' असा निरोप देऊन थांबतो.

व्हीजीएची नक्कल इतर कंपन्यांनी झपाट्याने केली आणि १५ पिनांचा तो निळा प्लग जगभर पसरला. पिनांच्या तीन ओळी, प्रत्येकीत पाच. कित्येक केबलींत मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते. ती तुटली असे समजून केबल टाकून देऊ नये.

गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची

यानंतर सपाट एलसीडी पडदे आले. त्यांत झोत नसतो. प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली असते आणि त्याला आकड्याच्या रूपातच माहिती लागते. पण प्लग तर व्हीजीएचाच राहिला. मग व्हायचे काय? संगणकात आकडे असत, त्यांचे दाबात रूपांतर होई, दाब केबलीतून जाई, आणि मॉनिटर त्या दाबाचे पुन्हा आकडे करी. घट्ट बांधलेली कापसाची गाठ सोडावी, सुटा कापूस गाडीतून न्यावा आणि पोचल्यावर पुन्हा गाठ बांधावी, तसा हा प्रकार. वाटेत थोडा कापूस उडणारच. अक्षरांच्या कडा अंधूक दिसणे, लांब केबलीत अक्षरांना सावली येणे, ही त्याचीच लक्षणे. जुन्या एलसीडी मॉनिटरवर 'ऑटो' नावाचे बटण असते, ते याचसाठी. दाब नेमका कोणत्या क्षणी मोजायचा, हे मॉनिटर त्या वेळी नव्याने ठरवतो.

ही दुहेरी मेहनत टाळण्यासाठी १९९९ साली डीव्हीआय हा प्लग आला. आता इलेक्ट्रॉनिक चकत्या इतक्या वेगवान आणि स्वस्त झाल्या होत्या की प्रत्येक बिटाला वेगळी तार देण्याची गरज उरली नव्हती. रंगाचे बिट एकाच जोडतारेतून एकामागून एक पाठवता येऊ लागले. १९८१ सालची अडचण अशी सुटली. एका रंगाचे आठ बिट दहा बिटांत गुंफून पाठवले जातात. आपल्या अडीच कोटी ठिपक्यांना दहाने गुणा : एका जोडतारेतून सेकंदाला सुमारे २५ कोटी बिट. १९२० × १०८० ठिपक्यांच्या आजच्या नेहमीच्या पडद्यासाठी हाच आकडा सुमारे दीडशे कोटींवर जातो.

डीव्हीआयच्या रचनाकारांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याच्या एका प्रकारात त्यांनी डिजिटलबरोबर जुन्या ॲनालॉग संदेशालाही जागा ठेवली. २००२ च्या अखेरीस दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या कंपन्यांनी एचडीएमआय आणले. त्याची संदेश पाठवण्याची रीत डीव्हीआयचीच होती, पण ॲनालॉगची जागा मात्र नव्हती. २००६ साली डिस्प्लेपोर्ट आला. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांच्यातर्फे २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करण्याचा मनोदय जाहीर झाला. व्हीजीए ठरल्या वर्षी काही संपला नाही, पण नव्या संगणकांवरून तो हळूहळू दिसेनासा झाला.

आपल्या शाळांचा काळ या तारखांशी ताडून पाहावा. माध्यमिक शाळांत संगणक देण्याची केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल्स' योजना डिसेंबर २००४ ची. त्या काळात विकत घेतलेले मॉनिटर आणि प्रोजेक्टर बहुधा व्हीजीएचेच. म्हणजे जगात जो प्लग निरोप घेण्याच्या वाटेवर होता, तोच आपल्या संगणककक्षात आला.

दोन प्रकारचे सांधे

आता पुन्हा रेल्वेकडे वळू. दोन गाड्यांचे रूळ एकाच मापाचे आहेत, फक्त डबे जोडण्याचे आकडे वेगळे आहेत, असे समजा. मधे एक जोडआकडा बसवला की काम झाले. माल उतरवावा लागत नाही. डीव्हीआय ते एचडीएमआय हा सांधा असा आहे. आत केवळ तारा असतात, संदेश तोच राहतो. त्यामुळे चित्र दोन्ही दिशांनी जाते.

पण रुळांचे मापच वेगळे असेल तर जोडआकडा काय कामाचा? तेथे मूर्तिजापूरप्रमाणे माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. एचडीएमआय ते व्हीजीए हा सांधा असा आहे. त्यात एक चकती बसवलेली असते. ती आकडे वाचते आणि त्यांचे दाब बनवते. ही मेहनत करायला तिला वीज लागते. एचडीएमआयच्या प्लगमधून पाच व्होल्टची थोडी वीज मिळते आणि अनेकदा तेवढी पुरते. काही संगणकांत ती अपुरी पडते, चित्र लुकलुकते. अशा वेळी बाजूने यूएसबीची वीज देता येईल असा ॲडॅप्टर घ्यावा.

शिवाय हा सांधा एकाच दिशेने चालतो. संगणक एचडीएमआयचा आणि मॉनिटर व्हीजीएचा असेल तर एक वस्तू लागते. संगणक व्हीजीएचा आणि मॉनिटर एचडीएमआयचा असेल तर दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पडदा काळा राहण्याचे एक नेहमीचे कारण ही दिशेची गफलत असते. दोन्ही टोकांना प्लग असलेली, आत कोणतीही चकती नसलेली स्वस्त केबलही मिळते. साधारण संगणकावर तिचा उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट ओळखीची. १९९४ पासून मॉनिटर आपली कुंडली १२८ बाइटांत संगणकाला कळवू लागले : मला कोणत्या मापाचे चित्र चालते, किती वेगाने चालते. मधल्या ॲडॅप्टरने ही कुंडली पुढे पोचवली नाही तर संगणक अंदाजाने चित्र पाठवतो आणि ते ताणलेले दिसते. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन माप हाताने निवडले की बहुधा काम भागते.

ठेवावा की टाकावा?

खरेदीपूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. संगणकावर कोणता सॉकेट आहे? मॉनिटरवर कोणता आहे? संदेश कोणाकडून कोणाकडे जायचा आहे? रूळ सारखे आहेत की माल उतरवावा लागणार आहे? डीव्हीआय सॉकेट असेल तर त्याच्या चपट्या फटीभोवती चार बारीक छिद्रे आहेत का, ते पाहावे. ती असतील तर तेथून बहुधा ॲनालॉग संदेश मिळतो आणि बिनचकतीचा साधा सांधा पुरतो. नव्या लॅपटॉपवर केवळ यूएसबी-सी असेल, तर त्यातून चित्र बाहेर येते की नाही हे माहितीपुस्तिकेत तपासावे. सगळ्याच लॅपटॉपमध्ये ती सोय नसते.

एलसीडी मॉनिटर चांगल्या स्थितीत असेल तर तो राखावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धडे, चित्रफिती, लेखन यांना तो पुरेसा आहे. चित्रनलिकेच्या मॉनिटरची गोष्ट वेगळी. तो साधारण सत्तर-ऐंशी वॉट वीज खातो, लहान एलसीडीला वीस-तीस वॉट पुरतात. जेथे बॅटरीवर कक्ष चालवावा लागतो, तेथे हा फरक मोठा आहे. शिवाय त्याच्या काचेत शिसे असते आणि आतला विद्युतदाब वीस हजार व्होल्टच्या घरात जातो. वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तेव्हा तो विद्यार्थ्यांसमोर उघडून दाखवण्याचा मोह टाळावा आणि साध्या भंगारवाल्याला देऊ नये. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत. नोंदणीकृत केंद्राकडेच तो पाठवावा.

शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले, त्याजागी डिझेल आले आणि आता ती गाडीही धावत नाही. देशभर एकाच मापाचे रूळ करण्याचा कार्यक्रम रेल्वेने १९९२ साली हाती घेतला. यवतमाळ जिल्ह्यात वर्धा–यवतमाळ–नांदेड या रुंद मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला.

रुळांचे माप दूरच्या कार्यालयात ठरले, पण त्याचा भार वऱ्हाडातल्या कापसाने वाहिला. प्लगांची मापेही दूरच ठरतात. ती ठरवताना जुन्यासाठी जागा ठेवली तर, डीव्हीआयप्रमाणे, बदलाचा भार हलका होतो. ठेवली नाही तर तो भार शेवटच्या शाळेवर पडतो. ही मापे आपण ठरवू शकत नाही. पण सांध्यात नेमके काय घडते हे शिक्षकाला माहीत असेल, तर दर मॉनिटरमागे शेदोनशे रुपयांत दहा मॉनिटरांचा कक्ष पुन्हा चालू होईल की दहा हजारांची अनावश्यक खरेदी होईल, याचा निर्णय त्याला स्वतः करता येतो. आणि तो निर्णय कसा केला, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवता आले तर त्या दिवसाचा विज्ञानाचा तास सार्थकी लागला असे समजावे.